दुसऱ्या घराची जादा स्टँप ड्यूटी परत कधी मिळते आणि कधी मिळत नाही

मे २०२५ मध्ये आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला ४ लाख ८० हजार पौंडांना घर घेतलं. कम्प्लिशनच्या, म्हणजे घर ताब्यात येण्याच्या, आदल्या आठवड्यात सॉलिसिटरकडून, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाकडून, पैशांचा हिशोब आला त्यात स्टँप ड्यूटीसमोर ३८ हजार पौंड लिहिलेले. मी महिनाभर आधी स्वतः आकडेमोड केली होती तेव्हा १४ हजार येत होते, आणि तेवढेच बाजूला ठेवलेले होते. मधले २४ हजार कशाचे, तर आमचं जुनं टू बेडरूमचं घर अजून आमच्याच नावावर होतं त्याचे. जुनं घर घेणाऱ्याने एक्स्चेंजच्या, म्हणजे करार पक्का होण्याच्या, चार दिवस आधी माघार घेतली, नवीन घराचा मालक थांबायला तयार नव्हता, मुलाच्या शाळेची जागा त्याच पत्त्यावर अवलंबून होती, म्हणून आम्ही नणंदेकडून उसने घेऊन, बचत मोडून ते पैसे उभे केले आणि घर घेतलं. नोव्हेंबरमध्ये जुनं घर विकलं गेलं आणि त्यानंतर ते २४ हजार सगळेच्या सगळे परत आले.

हे सांगितल्यापासून ओळखीतले निदान सहा-सात जण मला विचारून गेलेत की आम्हालाही मिळतील का परत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मला नाही सांगावं लागलं. कारण सगळ्यांच्या डोक्यात एक चुकीचं समीकरण बसलंय की दोन घरं होती म्हणून जादा टॅक्स लागला, मग दोनपैकी कुठलंही एक विकलं की टॅक्स परत. तसं नाहीये. घर कुठलं विकलं याला महत्त्व आहे. तुम्ही स्वतः राहत होतात ते घर विकलं तर परत मिळतो, आधीपासूनच भाड्याने दिलेलं किंवा कुलूप लावून ठेवलेलं विकलं तर नाही मिळत. आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तर हा फरक फारच महागात पडतो कारण जवळजवळ प्रत्येकाचा पुण्यात, ठाण्यात नाहीतर नाशकात एक फ्लॅट असतोच.

आधी टॅक्स काय आहे ते पटकन. इंग्लंड आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये घर घेतलं की स्टँप ड्यूटी लँड टॅक्स भरायचा, तो टप्प्याटप्प्याने लागतो. १ एप्रिल २०२५ पासून पहिल्या सव्वा लाख पौंडांवर काही नाही, तिथून अडीच लाखांपर्यंतच्या भागावर २ टक्के, तिथून ९ लाख २५ हजारांपर्यंत ५ टक्के, आणि पुढे १० आणि १२. आमचं घर ४ लाख ८० हजारांचं, म्हणजे सव्वा लाखावर शून्य, पुढच्या सव्वा लाखावर २ टक्क्यांनी अडीच हजार, आणि उरलेल्या २ लाख ३० हजारांवर ५ टक्क्यांनी साडेअकरा हजार, एकूण १४ हजार. हा झाला साधा टॅक्स. आता तुमच्याकडे आधीच एक घर असेल तर प्रत्येक टप्प्यावर आणखी ५ टक्के, म्हणजे सरळ हिशोबात पूर्ण किमतीवर ५ टक्के, त्या सव्वा लाखाच्या शून्य टप्प्यावरसुद्धा. ४ लाख ८० हजारांचे ५ टक्के म्हणजे २४ हजार. परत मिळतात ते हेच २४ हजार, १४ हजार परत मिळत नाहीत, तो साधा टॅक्स झाला.

हा सरचार्ज १ एप्रिल २०१६ ला सुरू झाला तेव्हा ३ टक्के होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यावेळचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी तो जाहीर केला, हेतू हा की भाड्याने द्यायला आणि सुट्टीला वापरायला दुसरं घर घेणाऱ्यांमुळे पहिलं घर शोधणारे मागे पडतायत तर दुसरं घर महाग करायचं. मग ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये रेचल रीव्हज यांनी तो ५ टक्के केला आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, लागू पण झाला. त्यामुळे ज्यांनी आधी घर घेतलंय त्यांचे अनुभव ऐकून ३ टक्क्यांचा हिशोब करत बसू नका. फॉर्म भरायच्या मुदतीसुद्धा मधल्या काळात बदलल्यात, ते पुढे येईलच.

आता "तुमच्याकडे आधीच घर आहे" म्हणजे काय, इथेच बहुतेकांची गाडी अडते. घरं मोजायची ती नवीन घर ताब्यात आलं त्या दिवसाच्या शेवटी, म्हणजे कम्प्लिशनच्या दिवशी रात्री तुमच्या नावावर किती घरं आहेत ते. आणि मोजायची जगभरातली. कोथरूडचा फ्लॅट मोजला जातो, मडगावचं घर मोजलं जातं, दुबईचा स्टुडिओ मोजला जातो. त्यात तुमचा हिस्सा ४० हजार पौंडांहून कमी किमतीचा असेल तर तो धरत नाहीत, म्हणजे साधारण ४५ ते ५० लाख रुपये, आणि पुण्या-मुंबईत त्याच्या आत बसणारा फ्लॅट शोधावाच लागेल. शेतजमीन मोजत नाहीत, घर मोजतात, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, पण गावातल्या घराच्या प्रॉपर्टी कार्डावर नाव असेल तर ते बघावं लागेल.

नवरा-बायको एकच धरतात. घर फक्त बायकोच्या नावावर घ्यायचं आणि पुण्याचा फ्लॅट फक्त नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुटलो असं होत नाही, एकत्र राहत असाल तर एकाचं ते दोघांचं. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर आजोबांनी फ्लॅट करून दिला असेल तर तोही आईबापाचाच धरला जातो. लग्न न झालेले दोघं किंवा भाऊ-भाऊ मिळून घेत असतील आणि एकाकडे आधी घर असेल तर पूर्ण खरेदीवर सरचार्ज, त्याच्या अर्ध्या हिश्श्यावर नाही. आणि हे तर मी दोन घरांत प्रत्यक्ष पाहिलंय, बाबांनी भारतातून डिपॉझिटला मदत केली आणि प्रेमाने किंवा सुरक्षितता म्हणून घराच्या कागदावर त्यांचंही नाव लावलं. बाबांचं भारतात स्वतःचं घर आहे, झालं, मुलाचं आयुष्यातलं पहिलं घर असूनही पूर्ण किमतीवर ५ टक्के. पैसे भेट म्हणून घ्या, लेखी घ्या, पण नाव लावायच्या आधी सॉलिसिटरला हजारदा विचारा.

वारसाहक्काने आलेल्या घराचं थोडं वेगळं आहे. वारशाने मिळालेला हिस्सा निम्मा किंवा त्याहून कमी असेल तर मिळाल्यापासून पहिली ३ वर्षं तो धरत नाहीत, नंतर धरतात. वडिलांचं साताऱ्याचं घर तीन भावंडांत आलं आणि तुम्ही वर्षभरात इथे घर घेतलंत तर त्या तृतीयांशाचा त्रास नाही, पाच वर्षांनी घेतलंत तर मग त्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंडांच्या वर जाते का ते पाहायचं. एकत्र कुटुंबाची, वाटणी न झालेली जुनी वास्तू असेल तर मात्र तुमचा हिस्सा नेमका किती हे ठरवणंच अवघड, तिथे अंदाजाने भरू नका, सल्ला घ्या.

आणि एक मोठी सूट, जी आमच्याबाबतीत आधी लागणार होती आणि माघारीमुळे हुकली. तुम्ही राहतं घर विकून दुसरं राहतं घर घेताय, दोन्ही एकाच दिवशी किंवा विक्री आधी, तर सरचार्ज लागतच नाही. मग तुमच्याकडे बाकी किती का घरं असेनात. म्हणजे रेडिंगचं राहतं घर विकून रेडिंगमध्येच मोठं घर घेतलं आणि पुण्याचा फ्लॅट तसाच ठेवला तरी जादा पैसे नाहीत. हे कितीतरी लोकांना माहीतच नाही, ते उगाच पुण्याचा फ्लॅट घाईने कमी किमतीत विकायला काढतात. कायदा बघतो ते एवढंच की राहतं घर बदललं का. रिफंड हा त्याच सुटेचा उशिरा मिळणारा प्रकार आहे, विक्री मागे राहिली म्हणून आधी भरायला लावतात आणि विक्री झाली की परत देतात.

तर रिफंडसाठी काय काय जुळावं लागतं. एक, नवीन घर तुम्ही राहण्यासाठी घेतलेलं असलं पाहिजे, घेताना तोच हेतू हवा. दोन, जे विकलं त्यात तुम्ही किंवा तुमचा जोडीदार नवीन घर घेण्याच्या आधीच्या ३ वर्षांत कधी ना कधी मुख्य घर म्हणून राहिलेले असले पाहिजेत. तीन, ते जुनं घर नवीन घर घेतल्यापासून ३ वर्षांच्या आत विकलेलं असलं पाहिजे, आणि विकल्यावर तुमच्या दोघांपैकी कुणाचाही त्यात हिस्सा उरता कामा नये. विकण्याऐवजी भावाला देऊन टाकलं तरी चालतं, नवऱ्याने बायकोच्या नावावर केलं तर नाही चालत.

यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही अटींत ३ वर्षं येतात म्हणून गोंधळ होतो. मधोमध नवीन घराच्या खरेदीचा दिवस ठेवा. त्याच्या मागे ३ वर्षं बघायची की जुन्या घरात राहिलो होतो का, आणि पुढे ३ वर्षं बघायची की ते विकलं का. मागच्या ३ वर्षांत एखादे दिवस नव्हे, खरोखरचं मुख्य घर असलं पाहिजे, पण पूर्ण ३ वर्षं सलग राहायला हवं असंही नाही. मधे ते भाड्याने दिलं तरी हरकत नाही. आमचं जुनं घर विकलं जाईपर्यंत रिकामं होतं, पण शेजारच्यांनी त्यांचं दीड वर्ष भाड्याने दिलं, मग विकलं, आणि त्यांना पूर्ण रिफंड आला, कारण नवीन घर घेतलं त्या दिवसापर्यंत ते त्याच घरात राहत होते.

मुख्य घर कुठलं हे तुम्ही निवडून सांगायची गोष्ट नाही. कॅपिटल गेन्स टॅक्समध्ये दोन घरांपैकी कुठलं मुख्य ते कळवायची सोय आहे, तेच इथे चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण इथे फक्त वस्तुस्थिती बघतात. कुटुंब कुठे राहतं, मुलं कुठल्या शाळेत जातात, नोकरी कुठून, डॉक्टरकडे नोंदणी कुठे, मतदार यादीत नाव कुठल्या पत्त्यावर, पत्रं कुठे येतात.

आता पुण्याच्या फ्लॅटकडे येते, कारण खरे प्रश्न तिथेच आहेत. समजा एक जोडपं आहे, दहा वर्षं इंग्लंडमध्ये, भाड्याने राहतायत, पुण्यातला फ्लॅट येताना भाड्याने दिला तो तसाच आहे. आता इथे पहिलं घर घेतात. जगभरात एक घर आहे म्हणून सरचार्ज लागला, शिवाय पहिल्यांदा घर घेणाऱ्यांची सवलत पण गेली, कारण ती फक्त ज्यांनी जगात कुठेच कधीच घर घेतलं नाही त्यांना आहे. त्यांनी भरले आणि म्हणाले पुढच्या वर्षी पुण्याचा विकू आणि परत मागू. मिळणार नाहीत. मागच्या ३ वर्षांत ते त्या फ्लॅटमध्ये राहिलेलेच नाहीत, त्यांचं मुख्य घर इथलं भाड्याचं होतं. फ्लॅट विकला काय न विकला काय, गेलेले पैसे गेले.

पण तेच जोडपं, तोच फ्लॅट, फक्त क्रम उलटा केला, म्हणजे पुण्याचा फ्लॅट आधी विकला आणि इथलं कम्प्लिशन नंतर झालं, तर कम्प्लिशनच्या रात्री त्यांच्याकडे एकच घर आहे, सरचार्ज मुळात लागतच नाही. रिफंडची गरजच पडत नाही. हा क्रम हातात असेल तर तोच धरा. एकदा नवीन घराची तारीख उलटली की मग भाड्याच्या फ्लॅटसाठी मागे फिरायची वाट नाही.

आणि तिसरी परिस्थिती, नुकते आलेले लोक. दीड वर्षापूर्वी कंपनीने पाठवलं, त्याआधी बाणेरच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत होते, इथे सध्या भाड्याने, आणि आता घर घेतायत. यांच्या मागच्या ३ वर्षांत तो फ्लॅट मुख्य घर होता. त्यामुळे आज सरचार्ज भरावा लागला तरी पुढच्या ३ वर्षांत तो फ्लॅट विकला तर रिफंड मागता येतो, आधीचं घर परदेशात होतं म्हणून नाकारत नाहीत. मधे इथे भाड्याने राहिले त्याने बिघडत नाही. फक्त घड्याळ चालू असतं, इंग्लंडला येऊन ३ वर्षं झाल्यावर घर घेतलं तर ही वाट बंद होते. माझ्या ओळखीत एक कुटुंब येऊन २ वर्षं ११ महिने झाल्यावर कम्प्लिशन झालं आणि थोडक्यात आत बसलं, एक महिना उशीर झाला असता तर १७ हजार पौंड हातचे गेले असते.

अशा वेळी तुम्ही तिथे राहत होतात याचे कागद लागू शकतात, ते आत्ताच गोळा करून ठेवा. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, महावितरणची बिलं, मुलांच्या शाळेचे दाखले, बँकेचे पत्ते. विक्रीचं खरेदीखत आणि इंडेक्स टू ची प्रत ठेवा, मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून. साठेखत म्हणजे विक्री नव्हे, दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं गेलं ती तारीख धरा, आपल्याकडे साठेखत करून पैसे घेऊन महिनोन्‌महिने खरेदीखत लांबतं आणि इथे तारीख चुकते. परदेशात राहणाऱ्याने भारतात घर विकलं की घेणाऱ्याला टीडीएस कापावा लागतो आणि तो कमी कापावा म्हणून आयकर खात्याकडून दाखला घ्यायचा तर त्यात वेळ जातो, मुखत्यारपत्र करायचं असेल तर आणखी वेळ. ३ वर्षं खूप वाटतात पण भारतातल्या विक्रीला पहिलं वर्ष असंच निघून जातं.

ज्यांनी मुळात भाड्याने द्यायलाच दुसरं घर घेतलं त्यांच्यासाठी रिफंड नाहीच, पुढे त्यात राहायला गेलात तरी नाही.

मुदती आता. नवीन घर घेतल्यावर स्टँप ड्यूटीचं रिटर्न १४ दिवसांत भरायचं असतं, ते सॉलिसिटर करतात. जुनं घर विकायला ३ वर्षं. आणि विकल्यावर रिफंडचा अर्ज करायला १२ महिने, जुनं घर विकल्यापासून १२ महिने किंवा नवीन घराचं रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून १२ महिने, यातलं जे नंतर येईल ते. आधी ही मुदत फक्त ३ महिने होती आणि त्यात कित्येकांचे पैसे बुडाले, २९ ऑक्टोबर २०१८ पासूनच्या विक्रीसाठी ती १२ महिने केली. मला हा बदल फार योग्य वाटतो, घर बदलल्यानंतरचे पहिले ३ महिने माणूस खोकी उघडत असतो.

३ वर्षांत विकलं गेलं नाही तर एक छोटी फट आहे. तुमच्या हाताबाहेरच्या अपवादात्मक कारणाने अडलं असेल, उदाहरणार्थ कोविडमध्ये सरकारने घरांचे व्यवहारच थांबवले होते किंवा एखाद्या सरकारी संस्थेने त्या घराची विक्री रोखून धरली, तर अडथळा गेल्यावर लवकरात लवकर विकून मग एचएमआरसीला, म्हणजे इथल्या कर खात्याला, कारणासकट लिहायचं. मनासारखी किंमत येत नव्हती म्हणून थांबलो, हे कारण धरत नाहीत. आम्हालाही पहिल्या चार महिन्यांत दोनच ऑफर आल्या आणि दोन्ही कमी होत्या, शेवटी आम्ही किंमत ८ हजारांनी खाली आणली, कारण एका बाजूला २४ हजार अडकलेले आणि दोन्ही घरांचे हप्ते चालू. तो हिशोब प्रत्येकाने आपापला करावा, पण मांडून करावा, नुसतं "थांबू थोडं" म्हणत राहू नये.

अर्ज सोपा आहे, खरंच सोपा आहे. फॉर्मचं नाव एसडीएलटी १६. सरकारच्या साइटवर गव्हर्न्मेंट गेटवेच्या लॉगिनने ऑनलाइन भरता येतो किंवा छापून पोस्टाने पाठवता येतो. घर घेणारी मुख्य व्यक्ती भरू शकते किंवा तिच्या वतीने सॉलिसिटर. त्यात तुमची माहिती, नवीन घराचा पत्ता आणि खरेदीची तारीख, त्या व्यवहाराचा युनिक ट्रान्झॅक्शन रेफरन्स नंबर, जुन्या घराचा पत्ता, विक्रीची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव, किती टॅक्स भरला, किती परत मागताय, आणि बँकेचा अकाउंट नंबर आणि सॉर्ट कोड एवढंच. तो रेफरन्स नंबर रिटर्न भरल्यावर जे एसडीएलटी ५ सर्टिफिकेट येतं त्यावर असतो, सॉलिसिटरकडून आलेल्या ढिगाऱ्यातलं तेवढं पान जपून ठेवा. मी जेवणं झाल्यावर बसले आणि पाऊण तासात झालं, त्यातली वीस मिनिटं सर्टिफिकेट शोधण्यात गेली. पैसे पाच आठवड्यांनी आले आणि त्याच दिवशी नणंदेचे फेडले.

रिफंड मागायची कुठलीही फी नाही. तरी विक्री झाल्यावर आम्हाला दोन ठिकाणांहून पत्रं आली की आम्ही तुमची स्टँप ड्यूटी परत मिळवून देतो, मिळाली तरच आमचा हिस्सा. साध्या रिफंडसाठी टक्केवारीत पैसे देणं म्हणजे स्वतःचे हजारो पौंड उगाच देऊन टाकणं. त्याहून वाईट दुसरा प्रकार, तुम्ही घेतलेलं घर जुनाट होतं, बॉयलर बंद होता, ओल होती, म्हणजे ते राहण्यालायकच नव्हतं, म्हणून निवासी दराने टॅक्स लागायलाच नको होता असा दावा करून देणारे. याचं मूळ २०१९ च्या एका निकालात आहे, वेस्टन-सुपर-मेअरचा एक पडका बंगला, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, तिथे खरेदीदार जिंकला होता. तो बंगला खरंच पाडायच्याच लायकीचा होता. पण त्याच्या आधाराने साध्या दुरुस्तीच्या घरांसाठी दाव्यांचा पूर आला आणि शेवटी २०२५ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने स्पष्ट सांगितलं की दुरुस्ती लागते म्हणून घर हे घर राहायचं थांबत नाही. असा दावा करून पैसे आले आणि नंतर तपासणीत खोटा ठरला तर पूर्ण रक्कम व्याजासकट परत भरायची, वर दंड होऊ शकतो, आणि भरायचं तुम्ही, कारण अर्जावर नाव तुमचं आहे. त्यांनी घेतलेला हिस्सा त्यांच्याकडेच. कुणी असं पत्र पाठवलं तर कृपा करून सही करू नका.

सॉलिसिटरकडूनच चुकून सरचार्ज भरला गेला असेल, म्हणजे मुळात लागायलाच नको होता, तर तो वेगळा रस्ता आहे, रिटर्नमध्ये दुरुस्ती, ती रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून १२ महिन्यांत. ती निघून गेली तरी व्यवहारापासून ४ वर्षांपर्यंत जादा भरलेला टॅक्स म्हणून मागता येऊ शकतो, पण तिथे जाणकार माणूस बरोबर घ्या.

नुकते आलेल्यांसाठी आणखी एक. १ एप्रिल २०२१ पासून इथे न राहणाऱ्यांवर वेगळा २ टक्के सरचार्ज आहे, तो या ५ टक्क्यांच्या वर लागतो. खरेदीच्या आधीच्या वर्षभरात निदान १८३ दिवस यूकेमध्ये राहिलेले नसाल तर तुम्ही त्यात येता. भारतातून येऊन दोन-तीन महिन्यांतच घर घेतलं की हमखास लागतो. पण खरेदीच्या आगेमागे मिळून कुठल्याही सलग ३६५ दिवसांत १८३ दिवस इथे भरले की तो परत मागता येतो, खरेदीपासून २ वर्षांच्या आत. त्याला घर विकावं लागत नाही, नुसतं इथे राहावं लागतं. पासपोर्टचे शिक्के, विमानाची तिकिटं, पगाराच्या स्लिपा ठेवा.

हे सगळं इंग्लंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचं. स्कॉटलंडमध्ये टॅक्सच वेगळा, तो रेव्हेन्यू स्कॉटलंडकडे जातो, आणि तिथला सरचार्ज डिसेंबर २०२४ पासून ८ टक्के आहे. जुनं घर विकायची मुदत तिथे आधी १८ महिने होती ती १ एप्रिल २०२४ पासून ३६ महिने केली. वेल्सचेही दर वेगळे, खातं वेगळं. एडिंबरा किंवा कार्डिफला घर घेताय तर वरचे आकडे आणि फॉर्म लावू नका.

शेवटचं, ज्या मैत्रिणीमुळे हे एवढं लिहायला बसले तिचं. आठ वर्षं इथे, स्लाऊला ३ लाख ६० हजारांचं घर ठरलं, कोथरूडचा फ्लॅट भाड्याने होता आणि तो विकायला काढलेला, गिऱ्हाईक पण मिळालेलं. दिराच्या नावाने मुखत्यारपत्र केलेलं, पण टीडीएसचा दाखला यायला उशीर झाला आणि खरेदीखत कम्प्लिशनच्या नऊ दिवस नंतर पडत होतं. ती निवांत होती की आधी भरू आणि मग परत घेऊ, तुला मिळाले तसे. मी तिला विचारलं की त्या फ्लॅटमध्ये तुम्ही शेवटचे कधी राहिलात, ती म्हणाली २०१७. मग तिने त्याच संध्याकाळी सॉलिसिटरला फोन करून कम्प्लिशन दोन आठवडे पुढे ढकलायला सांगितलं, विकणारी बाई चांगली होती, तयार झाली. कोथरूडचं खरेदीखत मंगळवारी नोंदलं गेलं, दिराने इंडेक्स टू चा फोटो पाठवला, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी स्लाऊच्या किल्ल्या मिळाल्या. स्टँप ड्यूटीच्या ओळीत २६ हजारांच्या जागी ८ हजार होते.